हाडक्याच्या दारावरचं रडणं

सुपडूने पहिला माणूस मारला तो गुळाच्या उकळत्या काहिलीत बुडवून. दुसरा गढीच्या दरवाजाखाली चेपला, भाकरीसारखा. तिसऱ्याला घुबडांनी खाल्लं, बोटांपासून सुरुवात करून, एकेक बोट, सावकाश. ते ऐकल्यापासून सुरतेच्या पर्वत पाटियाजवळच्या त्या चाळीतली पोरं दहा बोटांत दहा भुंगळे, तळलेल्या पिवळ्या नळ्या, घालून ओट्यावर बसायची आणि कुर्रम कुर्रम खाताना किंचाळायची, "घुबडा, अंगठा राहू दे रे! अंगठा तरी राहू दे!"

आणि एवढे खून पाडणारा हा सुपडू होता कसा? तर शेजारी कोंबडी कापायची झाली की संडासाच्या रांगेत जाऊन उभा राहणारा. नंबर आला तरी मागच्याला पुढे सोडणारा. त्याची बायको प्रमिलाबाई कोंबडीची मान एका झटक्यात पिरगाळायची आणि मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक द्यायची, "या आते, नूतनना आप्पा! मरी गयी ती! या, खून आटपना!" मग सुपडू यायचा, मान खाली घालून, आणि रस्सा मात्र दोनदा मागून घ्यायचा.

सुपडू मागावरचा कारीगर. मूळचा शिंदखेड्याकडचा. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात. अशाच एका खात्यात तो चार माग एकट्याने सांभाळायचा. प्लेगच्या साली अर्धं सुरत तोंडाला रुमाल बांधून रेल्वेला लटकलं, तेव्हा तोही बायको-पोरीला घेऊन गावी पळाला. गावात काम नाही, बाहेर पडायची चोरी, आणि घरात भावाबंदांची पोरं कोंबलेली. त्यांना गप्प बसवायला त्याने गावाबाहेरच्या पडक्या मातीच्या गढीची गोष्ट रचायला घेतली. गढीत हाडं दळायचा कारखाना. कारखान्यात कैद झालेली इनू आणि तिचा धाकटा भाऊ भिका. खाली तापी, वर घुबडं, मधे किंकाळ्या. पोरं गप्प बसली ती बसलीच. लग्नपत्रिका आणि यात्रेची पत्रकं छापणाऱ्या दोंडाईच्याच्या एका माणसाने ती गोष्ट ऐकली आणि ‘हाडगढी, भाग पहिला’ म्हणून भजी बांधायच्या कागदावर छापून सारंगखेड्याच्या यात्रेत नेऊन मांडली. खपली. मग दुसरा भाग. मग तिसरा. रोग ओसरला, सुपडू सुरतेला परतला, पण गढीने काही त्याला सोडलं नाही.

लिहायचा कधी? वीज गेली की. मागांचा खडखडाट एकदम थांबला की बाकीचे कारीगर बिड्या ओढायला बाहेर पळायचे आणि सुपडू मागाला पाठ टेकून मांडीवर कागद धरायचा. वीज आली की वाक्य आहे तिथे टाकून उठायचा. त्यामुळे हाडगढीतली माणसं कायम अर्धवट मरायची. ‘आणि तेवढ्यात त्याचं डोकं’ इथे वीज आली, तर ते डोकं पुढल्या वेळी वीज जाईपर्यंत मानेवरच राहायचं.

खात्याचा मास्टर, म्हणजे मुकादम, होता मगन. शेठ गुजराती माणूस, दिवसातून एकदा गाल पानाने फुगवून यायचा, "केम, बधुं बराबर?" विचारायचा आणि उत्तर कानावर पडायच्या आत गाडीत बसायचा. बाकी राज्य मगनचं. मगन शेठशी गुजराती बोलायचा, कारीगरांशी हिंदी आणि घरी अहिराणी, आणि तिन्हींच्या आधी घसा खाकरायचा, "ख्ख्यँऽऽक्!" जणू गाढव विहिरीत पडलंय. तोही खानदेशीच. सुपडूच्याच चाळीत, मागच्या ओळीत, म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. खांद्यावर मागाचा जुना चामडी पट्टा, टोकाला लोखंडी कडी. धागा तुटला, पट्टा. कापडाला डाग, पट्टा. "हसता क्या है बे?" पट्टा. "रोता क्या है बे?" पट्टा. मागांच्या त्या गदारोळात माणसाचा शब्द माणसाला ऐकू येत नाही. कारीगर एकमेकांचे ओठ वाचतात, बोटांनी बोलतात. पट्टा तेवढा सगळ्यांना समजायचा.

एका दुपारी सुपडूची पोरगी नूतन बापाचा डबा घेऊन खात्यात आली. दोन मागांमधल्या बोळातून येताना तिचा पाय कांड्यांच्या पेटीला लागला आणि सुताने भरलेल्या कांड्या भुईभर घरंगळल्या. मगनने कोण आहे ते पाहिलंही नाही. वळला आणि पट्टा सोडला. कडी तिच्या डाव्या कानावर बसली. पोरगी गुडघ्यावर आली, डबा उलटला आणि भेंडीच्या भाजीवर रक्त ठिबकलं.

सुपडूने ते पाहिलं. त्याच्या हातात त्या क्षणी तुटलेला धागा होता. त्याने गाठ मारली. पुरती मारली, ओढून पाहिली, माग सुरू केला, आणि मग पोरीकडे धावला.

नूतननेही ते पाहिलं.

तो कान पुन्हा उघडला नाही. डॉक्टरने आत बॅटरी मारून मान हलवली. नूतनने बापापाशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच, की पुढच्या महिन्यात तो चौथा भाग लिहीत असताना ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आप्पा, गढीला एक मास्टर पाहिजे. घसा खाकरणारा."

हाडक्या जन्मला तो असा. कमरेला माणसाच्या कातड्याचा पट्टा, चालताना डावा खांदा पुढे, आणि दार उघडायच्या आधी अंधारातून "ख्ख्यँऽऽक्!" चौथ्या भागात त्याने भिकाच्या मित्राला जिवंत चुन्यात पुरलं. पाचव्यात एका आंधळ्या भिकाऱ्याचे दात उपटून त्यांची माळ केली. चाळीतल्या पोरांना सांगायची गरजच पडली नाही. मगन नळावर आला की बादल्या टाकून पोरं पांगायची, "हाडक्या! हाडक्या उना रेऽऽ!"

गोष्ट मगनच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? एक दिवस त्याने सुपडूला बोलावलं. हातात पाचवा भाग. सुपडूच्या पाचावर धारण.

"ख्ख्यँऽऽक्! हाऊ हाडक्या कोन शे?"

"कोनी नही मास्टर. राक्षस शे. गोष्टमाधला."

"खोटं बोलू नको. खाकरणं मनं शे." मगनने पान उलटलं, बोट ठेवून दातांच्या माळेचं वर्णन पुन्हा वाचलं, ओठ हलवत. मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं, गरम आंघोळीनंतर अंगभर ऊब पसरते तसं. "भारी लिखेल शे रे भो! पोरे मुततस माले देखीसन!"

त्या दिवसापासून मगन हाडक्यासारखा चालायला लागला. आधी हाडक्या त्याची नक्कल होता, आता तो हाडक्याची. दारात उभं राहून उगाच खाकरायचा आणि आत पोरं किंचाळली की खूश होऊन पुढल्या दाराकडे जायचा.

पण सहाव्या भागात हाडक्याची दाढ सडली, आणि आठवड्याच्या आत मगनचा गाल सुजून पपई झाला. सातव्यात हाडक्या विहिरीत घसरला, आणि मगन खात्यामागच्या गटारात कंबरेपर्यंत गेला. योगायोग असेल. सुरतेत गटारात कोण जात नाही? पण मगनचं हसू तिथे आटलं. आठवा भाग त्याने वाचला तो देवापुढे अगरबत्ती लावून.

आणि मग ललितने घोटाळा केला. ललित म्हणजे नूतनच्या वर्गातला पोरगा. त्याच्या पोटात पाणी राहत नाही. नळावर मगनला पाहून तो लांबून ओरडला, "मास्टर, नवव्या भागात तुमचा खेळ खलास! नूतनने सांगितलंय!"

दुसऱ्या दिवशी खात्यात मगनने सुपडूचा उजवा हात मनगटाला धरला आणि चालत्या मागाजवळ नेला. तिथे सूत ठोकून बसवणारी फणी धाडधाड पुढे-मागे आपटत होती, प्रत्येक ठोक्याला वारा बोटांच्या टोकांना लागत होता. मागांच्या आवाजात मगन ओरडला नाही. सुपडूला दिसतील असे ओठ हलवले, हळूहळू.

"हाडक्याले मारं ना, त्ये हाई बोटं आठे घालसू. एक एक करी. घुबडगत."

सुपडू घरी आला तो हात खिशात घालूनच. प्रमिलाबाईने ऐकलं आणि लाटणं आपटलं. "मरो तो हाडक्या! नही, मरो नको! जित्ता ऱ्हावू द्या त्याले! बोटं गयी तर गाठ कोन मारी? मी?"

सुपडूने नववा भाग लिहिला. त्यात शेवटी हाडक्या धुक्यात नाहीसा झाला. गेला, कुठे गेला कोणाला कळलं नाही, इनू आणि भिका सुटले, तापीवर सूर्य उगवला. नूतनने पानं वाचली, जुळवून नीट घडी घातली आणि बापाच्या हातात परत दिली.

"चांगली गाठ मारलीत, आप्पा," ती म्हणाली. आणि पाणी भरायला गेली.

पुढच्या दुपारी खात्याबाहेरचा ट्रान्सफॉर्मर फुटला. अशी वीज वर्षात एकदा जाते. सुपडू मागाला टेकून बसला आणि पहिल्यांदाच एक खून त्याने मधे न थांबता, सलग, पूर्ण केला. मागावर दोऱ्यातून इकडून तिकडे पळणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना पोलादी अणी असलेला, कधीकधी उडतो. उडाला तर कारीगराचा डोळा घेऊन जातो. प्रत्येक खात्यात असा एक काणा असतोच. सुपडूने हाडगढीत एक माग बसवला.

‘हाडक्याने इनूचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं मागावर आपटलं. एकदा. दोनदा. तिच्या कानातून रक्ताची धार लागली. "ख्ख्यँऽऽक्! आता तुझी हाडं दळतो!" पण भिकाच्या हातात मागाचा दांडा होता. त्याने तो ओढला. धोटा सुटला. वाघळासारखा भिरभिरला आणि हाडक्याच्या गळ्यातून आरपार गेला. रक्त छताला लागलं. छतावरची घुबडं भिजली. हाडक्याने खाकरायला तोंड उघडलं, पण खाकरणं गळ्याच्या भोकातून बाहेर पडलं, नुसता वारा, आणि त्या वाऱ्याबरोबर त्याचा जीव. मग घुबडं खाली उतरली. त्यांनी बोटांपासून सुरुवात केली.’

सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, सुपडू ओट्यावर बसला आणि त्याने ते वाचलं. पोरं श्वास रोखून. धोटा सुटला तेव्हा कोणीतरी "हां!" केलं. शेवटचं वाक्य संपलं आणि मग जो काय कल्ला उठला! ललित तर खांबालाच मिठी मारून ओरडत होता, "गया! साला गया! गळ्यातून हवा निघाली रे!"

नूतन उभी राहिली. "मेला ना? मग रडायला नको? चाला ने!"

पोरांना एवढंच पुरे. खात्यातून आणलेल्या सुताच्या गुंतवळीचा हाडक्या झाला, फाटकी लुंगी नेसवली, गळ्यात एक मोडका धोटा खुपसला. दोन बांबूंची तिरडी. ललित पुढे मडकं घेऊन. आणि वरात निघाली ती सरळ मागच्या ओळीत, मगनच्या दारात. मगन घरी नव्हता. सुट्टीच्या दिवशी मास्टर खात्यात माग दुरुस्त करतो. घरात होती ती फक्त त्याची आई, जिजाबाई, पांढऱ्या लुगड्यातली, मोतीबिंदूने सगळं दुधासारखं दिसणारी. पोरांनी दारात तिरडी टेकवली आणि गळे काढले, "अरे मना हाडक्या रेऽऽ! टाकी गया रेऽऽ!"

"अरे, थांबा! पोरांनो!" सुपडू मागून धावला. पण त्याला उशीर झाला होता, कारण बाजारातून शोभाबाई येत होती.

आता खानदेशी माणसांची एक रीत आहे, ती माहीत हवी. कोणाच्या दारात रडणं ऐकू आलं की बाई कोपऱ्यापासूनच पदर तोंडावर ओढते, हनुवटीखाली येईल इतका, आणि रडत रडत दाराशी जाते. कोण गेलं ते दारात पोचल्यावर कळतं. आधी विचारून मग रडणाऱ्या बाईला जन्मभर नावं ठेवतात. आणि शोभाबाई तर रडण्यातली उस्ताद; तिच्या गळ्यासाठी पाच-सहा चाळींतून बोलावणं यायचं. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली, पदर ओढला आणि कोपऱ्यावरून असा सूर लावला की पुढच्या ओळीतल्या बाया हातातलं टाकून, पदर ओढून बाहेर आल्या. कोणाच्या हातात धोपाटणं तसंच, कोणाच्या हातात झाडू. प्रमिलाबाईही निघाली. बघता बघता मगनच्या अंगणात पदरच पदर.

आत जिजाबाईने ऐकलं. आपल्या दारात रडताहेत म्हणजे कोण गेलं असणार? घरात दोघंच. एक तर ती इथे बसलीय. म्हातारीने कपाळ बडवलं, "मना मगन वंऽऽ! खातामा खाई टाकं त्याले वंऽऽ!"

बायांना आता नाव मिळालं. शोभाबाईने म्हातारीला कवेत घेतलं आणि मेलेल्याचे गुण गायला सुरुवात केली, रीतीप्रमाणे.

"ओ मना मगनदादा रेऽऽ, खाताना तू खांब रेऽऽ..."

आणि अडली. पुढे काय म्हणायचं? बाया "ऊंऽऽऽ" धरून थांबल्या. शोभाबाईने डोकं खाजवलं, पदराच्या आत. गुण आठवेना. पण सूर तर तोडता येत नाही. शेवटी जे तोंडात होतं तेच बाहेर पडलं.

"तुना पट्टा, मना दादलानी पाठ रेऽऽ, आते हळद कोनले लावू रेऽऽ!"

"ऊंऽऽऽ!"

"मना भाऊना दात पाडात तू रेऽऽ," दुसरा पदर, "सरगमा कोना पाडशी रेऽऽ!"

"ऊंऽऽऽ!"

"मनी आंडेरना कान रेऽऽ," लेकीच्या कानाचं रडणारा हा आवाज सुपडूने ओळखला. प्रमिलाबाई. "मनी आंडेरना कान लई गया तू रेऽऽ!"

जिजाबाईचं रडणं मधेच थांबलं. ती ऐकत होती.

तेवढ्यात कोपऱ्यावर मगन आला. हाताला ग्रीस, खांद्यावर पट्टा. त्याने आपल्या दारात बाया पाहिल्या. घरात दोघंच, आणि एक तर तो इथे उभा होता. पट्टा खांद्यावरून गळाला. मगन आहे तिथे मातीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी छाती बडवली, "मायऽऽ! मनी माय वंऽऽ! माले एकला टाकी गयी वंऽऽ!" नाक गळतंय, लाळ गळतेय, गुडघ्यांवर रांगत तो दाराकडे निघाला.

सुपडू नळापाशी उभा होता. हाडक्याचे सगळे भाग लिहिले, पण त्याला आई आहे हे लिहायचं राहूनच गेलं होतं.

मगन पदरांमधून आत घुसला. म्हातारीने चाचपडत त्याचं तोंड धरलं.

"तू जित्ता शेस?"

"तू जित्ती शे?"

आणि जिजाबाईने त्याच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की आवाज नळापर्यंत आला. पोरं फिस्सकन हसली. त्या हसण्याने मगनने मान वळवली, आणि त्याला तिरडी दिसली. लुंगी दिसली. गळ्यातला धोटा दिसला.

तो उठला. रडून सुजलेले डोळे तसेच. मागे गेला, पट्टा उचलला. ललितच्या हातातलं मडकं एका फटक्यात फुटलं, दुसऱ्या फटक्यात ललित मोरीत पडला. मगन सुपडूसमोर आला आणि त्याने सुपडूची मान नळाच्या खांबाला लावली.

"कागद काढ."

पानं सुपडूच्या शर्टाच्या खिशात होती.

"काढ आनि फाड. तुना हाते फाड. आत्ते!"

सुपडूने पाहिलं. पलीकडे नूतन उभी होती, मान थोडी वळवून, उजवा कान पुढे करून, जसं ती नीट ऐकायचं असलं की उभी राहते.

त्याने खिशाला हात लावला नाही. खाली वाकला आणि उजवा हात कपडे धुवायच्या दगडावर ठेवला, बोटं पसरून. काहीतरी म्हणाला. आवाज असा बसला होता की मगनला त्याचे ओठ वाचावे लागले.

"बोटं घ्या मास्टर. हाडक्या मरना तो मरना."

कडी खाली आली. भुंगळा तुटल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. पोरांपैकी कोणी हसलं नाही. सुपडूच्या तोंडून शब्द निघाला नाही, पण हातही दगडावरून निघाला नाही. नूतन धावली, मगनच्या दंडाला लोंबकळली, कडकडून चावली. मगनने तिला झटकली आणि तिच्यावर पट्टा उगारला.

तो पट्टा खाली आलाच नाही. मागून कोणीतरी धरला होता.

रडायला आलेल्या बाया अजून रीतीतच होत्या. एकीनेही पदर वर केला नव्हता. पहिलं धोपाटणं मगनच्या खांद्याच्या हाडावर बसलं आणि हाड बोललं. दुसरं गुडघ्यामागे. तो खाली आला तशी झाडूची मूठ, चप्पल, पितळी तांब्या. शोभाबाईने तर सूरही सोडला नव्हता, धोपाटणं वर जाताना "ओ मना मगनदादाऽऽ" आणि खाली येताना "रेऽऽ!" आणि सगळ्या मिळून "ऊंऽऽऽ!" एक दात उडून तिरडीवर पडला. मगनने रक्ताने चिकट झालेल्या हाताने एक पदर पकडायचा प्रयत्न केला, "कोन शे तू? तोंड दाखाड! तोंड दाखाड!" त्या हातावर टाच पडली. नुसते पदर होते, लाल, हिरवे, फुलाफुलांचे, आणि एकालाही तोंड नव्हतं. त्यांत एक पांढरा होता, असं ललित आजही शपथेवर सांगतो. चाळीत पांढरं लुगडं एकच बाई नेसायची.

मग बाया थांबल्या, एकदम, रडणं संपतं तशा. नळावर हातपाय धुतले, कारण कोणाच्या दारावर रडून आलं की धुवावेच लागतात, आणि आपापल्या घरी गेल्या.

पोलीस आले, चौकीत नेलं, विचारलं, "किसने मारा?" मगन काय सांगणार? फौजदाराला त्याने एवढंच सांगितलं, की मयताला आलेल्या बायांनी. "किसकी मयत?" फौजदार म्हणाला. खात्यातही मगन पुन्हा आला नाही. खांदा बांधून, आईला घेऊन, भेस्तानकडे कुठेशी निघून गेला.

सुपडूची दोन बोटं हाडवैद्याने बसवली, ती वाकडी बसली. त्याला आता झटकन गाठ मारता येत नाही. चार मागांचे दोन झाले. उरलेला वेळ तो कापडाचे तागे उचलतो. नवव्या भागाची छापायची प्रत नूतनने लिहून काढली, तो सांगेल तशी, आणि काही ठिकाणी तो सांगेल त्यापेक्षा जास्त रक्त घालून.

पुढल्या पावसाळ्यानंतर बाप-लेक पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षाची वाट पाहत उभे होते. समोरून एक माणूस पाय ओढत आला. एक खांदा खाली, पुढचा दात नाही. सुपडूचा हात आपोआप खिशात गेला.

मगन थांबला. खाकरला, पण जुनं खाकरणं नव्हतं ते. दाताच्या फटीतून थोडं निसटलं.

"नववा वाचा मी," तो म्हणाला.

सुपडूचा हात खिशातच राहिला.

"इतलं रगत नही निंघनं व्हतं मनं." मगनने रस्त्याकडे पाहिलं. एक टेम्पो गेला, दुसरा गेला. "आनि माय कोठे शे त्यामा? ती रडनी व्हती ना मनाकरता. आधी. ते तू लिखंच नही."

तो पाय ओढत निघून गेला. तो बोलत होता तेव्हा नूतन सुपडूच्या उजव्या बाजूला उभी होती, तिचा डावा कान मगनकडे. टेम्पोंच्या आवाजात तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने बापाचा शर्ट ओढला.

"काय म्हणत होता?"

सुपडूने सांगितलं. जसंच्या तसं, खाकरण्यासकट, दाताच्या फटीसकट. नूतनने ऐकून घेतलं. रिक्षा आली, दोघं बसले. बरंच पुढे गेल्यावर ती म्हणाली, "दहाव्यात घाला मग त्याच्या आईला. रडू दे तिला, पाहिजे तेवढं."

"आणि तो?"

नूतनने बापाचा वाकड्या बोटांचा हात खिशातून ओढून बाहेर काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"तो मेलेलाच राहू द्या."